मोकळे केस

चेटकिणी केस घट्ट बांधून जमतात, असं माझ्या माहेरी, जतकडे, सांगतात. म्हणून लेकराची दृष्ट काढताना आईनं अंबाडा सोडायचा, म्हणजे तिला कुणी त्यांच्यातली समजत नाही. उंब्रजजवळच्या माझ्या सासरी नेमकं उलटं. इथं म्हणे त्या अमावास्येला केस मोकळे सोडून उसाच्या पाणंदीत जमतात आणि नव्यानं सामील होणारीला शेजारचं एक लेकरू बळी द्यावं लागतं. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. चेटकिणींच्या गोष्टी काय कुणी नव्या सुनेला चहाबरोबर सांगतं?

माझी मुलगी तापली तेव्हा दवाखान्यातून औषध आणलं होतं, तरी जीव थाऱ्यावर नव्हता. त्यात अमावास्या. तिन्हीसांजेला मी केस सोडले, मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि तीन वाटांच्या तिकटीवर टाकून आले. समोरून चुलत जाऊ डेअरीला दूध घालून येत होती. माझे मोकळे केस पाहून ती आल्या वाटेनं माघारी वळली.

दुसऱ्या दिवशी माझी मुलगी खेळू लागली आणि जावेचा मुलगा तापानं फणफणला. नवरा फौजेत, फोन लागेना. दुपारी जाऊ गल्लीतल्या बायकांना घेऊन दारात आली.

"आवं आत्ती, सुनंला भाईर काढा. तिनं आमचं पोरगं दिलंय. देवरुष्याम्होरं कबूल करू दे."

देवरुषी झिंज्या धरून कबूल करून घेतो, हे मी ऐकून होते. मुलीला पोटाशी धरून मी दाराआड बसले. सासूबाई तर या सगळ्यावर माझ्याहून जास्त विश्वास ठेवणाऱ्या. मुलीच्या पायातला काळा दोरा त्यांनीच बांधलेला. त्या मला बाहेर काढणार, अशी माझी खात्रीच होती.

सासूबाई उंबऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अंबाडा सोडला. पांढरे केस पाठीवर पसरले.

"आता आमी दोघी हाय. न्ह्या दोघींस्नी. न्हाईतर पोराला कराडला डॉक्टरकडं न्ह्या."

बायका पांगल्या. पोराला कराडला नेलं, औषधानं पोर बरं झालं.

पण त्या दुपारी सासूबाई तशाच मागं वळल्या, तेव्हा ते मोकळे केस पाहून मीच मुलीला घेऊन भिंतीपर्यंत मागं सरले. त्यांना ते दिसलं. त्यांनी केस बांधले.