आक्काच्या ओट्यावरची पेटी

दोन हजार आठच्या चैत्रात विजेच्या तारांची पाहणी करायला कंपनीची माणसं गल्लीत आली, तेव्हा आक्काने तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि पदर खोचत ती बाहेर धावली. साठीची बाई, गुडघे कुरकुरणारे. पण त्या दिवशी कुणी आडवं आलं असतं तर तिने त्याला बाजूला ढकलून दिलं असतं. दोन वर्षं ती याच माणसांची वाट पाहत होती.

भिवंडीच्या या गावठाणातली घरं पूर्वी बुटकी होती आणि विजेच्या तारा त्यांच्यापासून चांगल्या लांबून जात. मग खाडीकडच्या जमिनी विकून हातात पैसा खुळखुळू लागला. खाली कापडाचे लूम बसले, वर मजले चढले. गल्ली काही रुंद होईना, म्हणून जो तो वरच्या वर गॅलरी बाहेर काढू लागला. शेजाऱ्याची दोन फूट, तर माझी अडीच! तारा होत्या तिथेच होत्या, घरंच त्यांच्या अंगावर गेली. हात लांबवला तर तार, आणि त्याच गॅलरीत बसून लोक मिसरी लावत, कपडे वाळत घालत. कुणी बोललंच तर उत्तर ठरलेलं, "काय न्हाय होत."

आक्काचा मुलगा भावेशही तेच म्हणाला होता. नव्या गॅलरीवर पत्रा टाकायला त्याने लोखंडी अँगल उचलला आणि त्याचं टोक तारेला टेकलं. त्याची बायको मृणाली स्क्रूची पिशवी धरून शेजारी उभी होती. तिने जे पाहिलं ते कुठल्याच बाईला पाहायला लागू नये. दिवसकार्य उरकल्यावर ती लहानग्या दिशाला घेऊन पडघ्याला माहेरी गेली आणि तिथल्या एका गोडाऊनमध्ये कामाला लागली.

"मी तुमच्यावर रागावले न्हाय, आई," जाताना ती सासूला म्हणाली होती. "पन त्या तारा तिथं हायेत तोवर माझी पोर त्या घरात येनार न्हाय."

आता या जूनमध्ये दिशाचं नाव पडघ्याच्या शाळेत घालायचं चाललं होतं. एकदा शाळा तिथली झाली की पोर तिथलीच होणार, हे आक्काला कुणी समजावायला नको होतं. भावेशचं म्हणून जगात तेवढं एकच उरलं होतं. जूनच्या आत तारांचं पक्कं व्हावं, याखेरीज तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पाहणीला आलेला इंजिनीअर प्रितम हा तरणा आणि शांत स्वभावाचा होता. त्याने गल्ली दोनदा पालथी घातली आणि सगळ्यांना गोळा केलं. तारा जमिनीखाली घालता येतील, तो म्हणाला, पण गल्लीत एक मोठी लोखंडी पेटी बसवावी लागेल. मोठी केबल त्या पेटीत येणार आणि तिथून घराघराला फुटणार. "पेटीला जागा द्या. नाही दिलीत तर ही गल्ली यादीतून वगळावी लागेल. मग पुढे कधी नंबर लागेल, मी सांगू शकत नाही."

पेटी सगळ्यांना हवी होती, मात्र दुसऱ्याच्या दारात. तशीही दारं गटारापर्यंत आलेली, पाय ठेवायला जागा नाही. मोकळी म्हणावी अशी एकच जागा होती, गल्लीच्या तोंडाशी, जिथे होळी लागते. महिन्यापूर्वीच्या होळीचा काळा डाग अजून तिथे होता.

"ती जागा न्हाय मिलाची," गल्लीतला जाणता माणूस तुळशीराम गरजला. "आमच्या बापजाद्यांपासनं होली तिथंच लागते."

"मी मागतही नाही, काका. आगीजवळ पेटी बसवताच येत नाही."

हे ऐकल्यावर मात्र तुळशीरामला उदारपणाचा झटका आला. "तसं कसं? बसवा ना! होलीच्या रात्री तेवडी लाईट बंद ठेवा, आमी पेटीवर वली गोनपाटं टाकतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रितमने कपाळावरचा घाम पुसला आणि वही मिटली. तो निघालेला आक्काने पाहिलं. तो गल्लीतून बाहेर पडला की तिची नात कायमची गेली, एवढंच तिला दिसत होतं. ती त्याच्यामागे अक्षरशः पळाली.

"सायब, माजा वटा घ्या!"

गल्लीत दारापुढचा एवढा एकच ओटा उरला होता. भावेश तो बंद करून दुकान काढणार होता, तेवढ्यात तो गेला. प्रितमने ओटा मापला, भिंत ठोकून पाहिली आणि आक्काला पुन्हा पुन्हा विचारलं. तिने कुठे सही करायची तेवढंच विचारलं. त्याने चुन्याने ओट्यावर चौकोन आखला. तुळशीरामने टाळ्या वाजवल्या.

प्लॅन मंजूर झाल्याचं कळलं त्याच दिवशी आक्काने शेजारच्या फोनवरून मृणालीला निरोप दिला. रविवारी मृणाली आली, दिशाला घेऊन. आक्काने कोलंबी केली होती, नातीसाठी गोड घावणे केले होते. तिने सुनेला हाताला धरून गॅलरीखाली उभं केलं आणि वर बोट दाखवलं. "ही तार जानार. ती बी जानार. समदी जमिनीत."

मृणालीचे डोळे भरले. कितीतरी दिवसांनी ती सासूकडे बघून हसली. तेवढ्यात मागे दिशाचा आवाज आला. ओट्यावरच्या चौकोनात ती लंगडी घालत होती. "आजी, हे घर माज्यासाठी काडलंय?"

"आई, हे काय हाय?" मृणालीने विचारलं.

आक्काने सांगितलं. अभिमानानेच सांगितलं. कुणी जागा देईना, तेव्हा आपण दिली. जाड लोखंड, वर कुलूप, सायबाने छातीठोक सांगितलंय, काय न्हाय होत.

ते शेवटचे शब्द तोंडातून निघाले आणि आक्काला स्वतःलाच ते ऐकू आले. मृणालीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने झडप घालून दिशाला चौकोनातून उचललं. "वर एक तार होती, आई. तुमी समद्या गल्लीची वीज माझ्या पोरीच्या दारात आनलीत."

"मी नको सांगते! आत्ता जाऊन सांगते सायबाला!"

"मग तारा राहतील," मृणाली हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून आक्काला जास्त लागलं. घावणे ताटलीतच राहिले. मायलेकी पडघ्याच्या गाडीसाठी निघाल्या. दिशा आईच्या खांद्यावरून हात हलवत होती, आणि आक्काला हात वर उचलवत नव्हता.

थोड्या वेळाने तुळशीराम पेढ्यांचा पुडा घेऊन आला. गल्लीने वर्गणी काढली होती. त्या आडदांड माणसाने पेढा आक्काच्या हातावर ठेवला. "आक्का, तुज्यामुलं गल्लीतली समदी नातवंडं वाचली."

आक्काने पेढा पुन्हा पुड्यात ठेवला.

"माजी आताच गेली, बाबा," ती म्हणाली.