आईच्या लग्नाची पिवळी कॅसेट

माझे मामा प्रसेनजित हे परंड्यातले सगळ्यात तिरसट फोटोग्राफर आहेत, आणि याचा त्यांना अभिमान आहे. बसस्थानकासमोरच्या त्यांच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढायला गेलेला माणूस बोलणी खाल्ल्याशिवाय बाहेर येत नाही. "मान सरळ. तोंड मिटा. वर काय बगताय, पंखा पडायलाय का?" लग्नाच्या शूटिंगला गेले तर नवरदेवाच्या बापालाही फ्रेमबाहेर हाकलतात. फोटो धूसर आला तर माणूस हलला, अंधारा आला तर लाइटवाला गाढव. मामांचं काही चुकलं, असं मामांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

हे मामा अठ्ठावीस वर्षं आमच्या ईट गावच्या घरी आले नव्हते. त्यांना येऊ देत नव्हते माझ्या वडिलांचे वडील नानासाहेब, म्हणजे आमचे आबा. कारण विचाराल तर एक साडी.

आईचं लग्न परंड्याला झालं, माहेरच्या मांडवात. बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. आबांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, त्यामुळं आबांनी आधीच बजावलं होतं, हळद नाही, पिवळं नाही, जुनं काही परत घरात आणायचं नाही. नेमका लग्नाआधी आबांचा पाय विहिरीच्या कामावर मोडला आणि ते घरीच राहिले. पुढं मामांनी स्वतः शूट केलेली कॅसेट आली. आबांनी भाड्यानं व्हीसीआर आणून ती लावली, आणि त्यात नवरी पिवळी धमक.

लग्नाला गेलेला सगळा गाव सांगत होता की साडी पांढरी होती. आबा म्हणाले, "माणसं खोटं बोलत्यात, मशीन बोलत न्हाय." माझे वडील संघपाल तर नवरदेव होते. हातभर अंतरावर बसून त्यांनी ती साडी पाहिली होती. पण बापापुढं बोलायची त्यांची छाती झाली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. साडी पेटीतून काढून दाखव, असं आबांनी म्हटल्यावर आई म्हणाली, "म्या काय चोर हाय का?" आणि दुसऱ्या वर्षी मी जन्मले तेव्हा तिनं ती साडी माझ्या लंगोटांना फाडली. पिवळं माहेरानंच नेसवलं, असं धरून आबांनी त्या घराशी येणं-जाणं बंद केलं आणि तिचं माहेर तुटलं ते तुटलंच. भावावर कुणी शब्द काढला की मात्र ती अंगावर धावून जायची. "माझा दादा कदी खोटं बोलायचा न्हाय," हे मी तिच्या तोंडून भाकरीपेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

या वर्षी माझं लग्न ठरलं. आई म्हणाली, लेकीच्या लग्नाला तिचा मामा पाहिजे. आबा म्हणाले, "त्यो आला तर म्या न्हाय." दोघंही हटेनात. मी भूमच्या दवाखान्यात परिचारिका आहे, हट्टी पेशंट मला नवे नाहीत, पण या दोघांपुढं मीसुद्धा टेकले. शेवटी कपाटातली ती कॅसेट पिशवीत टाकली आणि परंड्याची एसटी धरली.

मामांनी कॅसेट ओळखली आणि हात मागं घेतला. मग उगाच माझ्यावरच खेकसले, "असली बुरशी आलेली टेप माज्या मशीनमदी घालायची व्हय?" तरी त्यांनी ती पुसली, जुन्या व्हीसीआरमध्ये घातली आणि टेपवरचं चित्र उतरवून घेणाऱ्या कॅप्चरच्या डबीतून वायर कम्प्युटरला जोडली. चित्र आलं, पण काळं-पांढरं. आपल्याकडच्या कॅसेटी पॅल पद्धतीच्या, आणि डबी अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीवर लावलेली. ते बदललं तसा रंग आला. आई पिवळीच.

"वायर गंजलीय," मामा म्हणाले. नवी लावली. पिवळीच. मग व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड घाण झालंय म्हणून स्पिरिटनं पुसलं. मग सॉफ्टवेअरमधलं रंगाचं बटण कुणीतरी हलवलंय म्हणून सगळं मूळ जागी आणलं. मग टेप जुनी झालीय. मी म्हटलं, याच जोडणीवर दुसरी जुनी कॅसेट लावा. रेवणसिद्ध गुरुजींच्या निरोप समारंभाची त्याच सुमाराची टेप तिथंच पडली होती. ती लावली, तर गुरुजींचं धोतर पांढरं स्वच्छ.

"मग वायर, डबी, हेड, सगळं ठीक आहे," मी म्हटलं. "आता आमची टेप पहिल्यापासून लावा."

पहिल्यापासून म्हणजे सकाळपासून. अंगणात उन्हात स्वयंपाक चाललाय, माणसांचे सदरे पांढरे, भात पांढरा. मग चित्र तुटतं आणि संध्याकाळचा मांडव येतो. मोठमोठे हॅलोजन लागलेत आणि एका क्षणात सगळं जग पिवळं. साडी पिवळी, सदरे पिवळे, टेबलावरची चादर पिवळी. मागं पंचशील ध्वज होता. त्यातली पिवळी पट्टी आणि पांढरी पट्टी जवळपास एकच दिसत होती.

मामांनी चित्र तिथंच थांबवलं. मग म्हणाले, "कॅमेऱ्याला पांढरं काय ते सांगावं लागतंय. फुडं पांढरा रुमाल धरून बटण दाबायचं. सकाळी उन्हात दाबलं व्हतं. लाइट बदलली की परत दाबावं लागतंय." संध्याकाळी दाबलं नव्हतं, हे पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. "त्या वक्ताला कॅमेऱ्यात बगायचं भिंग बी काळं-पांढरंच असायचं, त्यात रंग कळायचा न्हाय," एवढंच पुटपुटले.

मला इतका राग आला की खुर्ची लाथाडावीशी वाटली. तरी म्हटलं, चला, निदान आता सुटलं. मामांनी ध्वजाची पांढरी पट्टी पांढरी होईपर्यंत रंग हलवला. पाचही पट्ट्या जागेवर आल्या तशी आईची साडीही पांढरी झाली. वीस वर्षांची माझी आई, मान खाली, पांढऱ्या साडीत. मी रडले, आणि मामा म्हणाले, "कीबोर्डवर पानी पाडू नगस."

दुसऱ्या दिवशी मी मामांना हाताला धरून आमच्या उंबऱ्याच्या आत आणलं. आबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. आईनं भावाला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी लॅपटॉप आबांच्या मांडीसमोर ठेवला.

आबांनी पांढरी साडी पाहिली. "कम्प्युटरवर काय बी करता येतंय," ते म्हणाले. "उद्या मला बी गोरा करचाल."

तेव्हा मशीन खोटं बोलत नव्हतं आणि आता मशीन काय बी करतंय! मी लॅपटॉप मिटला, मामांचा सोबत आणलेला व्हीसीआर आमच्या टीव्हीला जोडला आणि मूळ कॅसेट जशीच्या तशी लावली. "आबा, ह्यात कुणी हात घातला नाही. तो मागचा ध्वज बघा आणि त्यातली पांढरी पट्टी दाखवा."

आबा टीव्हीजवळ सरकले. बोट काचेवर ठेवून निळी, पिवळी, लाल अशा पट्ट्या मोजल्या आणि चौथीवर थांबले. त्या ध्वजाखाली उभं आयुष्य काढलेला माणूस. त्याला ध्वज खोटा म्हणवेना.

"सदरे बी पिवळे दिसत होते," मी म्हटलं. "तुम्हाला साडीच दिसली."

आबा वळले, पण माझ्याकडं नाही, मामांकडं. "म्या तुला इचारलं व्हतं," ते म्हणाले. "कॅसेट बगितल्यावर मुद्दाम मानूस धाडून परंड्याहून बोलीवलं, ह्याच खोलीत, दार लावून. कॅमेऱ्यात काय खोट हाय का? खोट असंल तर सांग, इशय मिटला. काय म्हनलास?"

मामा पायाकडं बघत उभे.

"म्हनलास, माज्या कॅमेऱ्यात खोट न्हाय. तुज्या सख्ख्या भनीचा इशय, तू खोटं कशाला बोलशील? म्हनून म्या मानलं."

आईचा पदर तोंडावरून खाली आला. हे तिला माहीत नव्हतं. आमच्यापैकी कुणालाच नव्हतं.

"दादा, व्हय का?"

"पैलंच काम व्हतं गं," मामा म्हणाले. "कॅमेरा भाड्याचा. खोट हाय म्हनलं असतं तर ह्या भागात कुनी काम दिलं असतं का?"

आबांनी घसा साफ केला. स्वतःवर आलेलं ओझं कसंबसं उतरवल्यासारखे म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. लग्नाला येऊ दे त्येला. माजं काय म्हननं न्हाय."

"माजं हाय," आई म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून मला भीती वाटली. "तुमी न्हाय म्हनत व्हता तवर म्या ह्याच्यासाठी भांडले. माय मेली तर मातीपुरती गेले, त्याच पावली माघारी आले. ह्यानं एक शबुद बोलायचा व्हता. माज्या लेकीच्या लग्नात ह्यो मानूस येनार न्हाय."

मामांनी व्हीसीआरच्या वायरी काढल्या आणि गुंडाळायला लागले. गुंता सुटेना. मदत करायला मी उठले नाही.