हाकेचा रकाना

"आमचा थोरला भाऊ मोहन वारला," असं टेंभुर्णीहून कुणीतरी फोनवर सांगितलं, तेव्हा मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून दिला. लगेच पुन्हा वाजला. "वहीत तुमचा नंबर हाय, मॅडम. सोलापुरात अर्ज लिवायचा की त्यो..." मग कळलं. गेल्या त्या मंगलताई. पंधरा वर्षांच्या ओळखीत मोहन हे नाव माझ्या कानावर कधी आलंच नव्हतं. फोन ठेवल्याची लाज महिना झाला तरी जात नाही.

रेशनकार्डाच्या खिडकीत मी बसायची, बाहेर लिंबाखाली अर्ज लिहीत त्या. त्या ट्रान्सजेंडर आहेत यावर कचेरीत मिटक्या मारत बोललं जायचं. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, जीभ तिखट. अर्जाआधी प्रत्येकाला विचारून त्या आपल्या वहीत दोन रकाने भरायच्या: कागदावरचं नाव आणि हाक. मला ती रिकामी उठाठेव वाटायची.

एकदा मी "लक्ष्मीबाई" म्हणून चारदा ओरडले. समोरची विडी वळणारी तेलुगू म्हातारी ढिम्म हलेना. मी डाफरले, तशा मंगलताई आत आल्या.

"लच्चम्मा म्हना की तिला. कार्डावर कुनीतरी लक्ष्मीबाई करून ठिवलंय."

"एकच ना ते?"

"तुमाला एकच. मला बी तीस वर्सं दुसऱ्याच्याच नावानं बोलवत हुते. मी बी उटत नव्हते."

मी लच्चम्मा म्हणाले. म्हातारी उठली. कचेरी झाडणाऱ्याला आम्ही नुसतं 'ए' म्हणायचो. त्याचं नाव सिद्धार्थ, हेही मी त्यानंतरच विचारलं.

दहाव्याला लच्चम्मा माझ्याबरोबर टेंभुर्णीला आली. दारातल्या फ्लेक्सवर 'कै. मोहन' आणि मिसरूड फुटलेल्या पोराचा जुना फोटो. तिनं तो नीट पाहिला आणि भावाला विचारलं, "मंगलचं घर कुटं?"

तो दारातून बाजूला झाला.

"हेच," तो म्हणाला. "या आत."

निघताना त्यानं वही माझ्या हातात दिली. जुळे सोलापुरातल्या माझ्या घरी येऊन उघडली. माझंही नाव होतं, पुढं हाकेचा रकाना कोरा. त्यांनी विचारलं होतं, मला आठवतं. "मॅडमच म्हणा," असं मी तोऱ्यात म्हणाले होते. ते त्यांनी लिहिलंच नाही...

आई मला बेबी म्हणायची. ती गेल्यापासून तसं कुणी म्हणत नाही. मी पेन घेतलं आणि रकाना भरला.