तान्ह्या पोळ्याची माफी

"पोरीपाशी घ्या रे थो बॉक्स. पाहू, किती वेळ उभी राह्यते."

राईस मिलवाले भाऊ माइकवर बोलले आणि गाव हसलं. दोघांनी डीजेचा बॉक्स ओढत आणला. माझ्याहून उंच होता तो. माझ्या उजव्या कानाशी आणून ठेवला. मी दोन्ही कान दाबून उभी होते. दहा वर्षांची होते, चौथीत. पायाशी माझा लाकडी नंदी होता आणि तो सोडून पळायचं नाही, एवढंच मला कळत होतं.

गाणं सुरू झालं. तुम्हाला आवाज कानात ऐकू येतो. मला तो दातांत येतो, डोळ्यांमागे येतो, पोटात येतो. श्वास कसा घ्यायचा तेच आठवेना. मी ओरडले म्हणे. मला माझं ओरडणं ऐकू आलं नाही. मग माझा फ्रॉक ओला झाला. नवा पिवळा फ्रॉक. हसणं आणखी वाढलं. कोणीतरी मोबाइल वर धरला होता. संध्याकाळपर्यंत ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. ज्यांनी समोर उभं राहून पाहिलं होतं, त्यांनीही पुन्हा पाहिलं.

माझा गुन्हा काय होता ते सांगते.

आमचं गाव सिंदेवाहीजवळ. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. खरे बैल नाहीत, चाकं लावलेले लाकडी नंदी. ते दोरीनं ओढत आणायचे, तोरणाखाली रांगेत उभे करायचे. मग घरोघरी जाऊन बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ नाहीतर नाणं. आमच्या गावात सजावटीची स्पर्धाही असते. बक्षीस सायकल. सायकल देणारे भाऊ, नंबर काढणारे भाऊ, शाळा समितीचे अध्यक्षही भाऊच. आणि त्या वर्षी पहिला आलेला नातू, तोही भाऊंचाच.

नियम गुरुजींनी शाळेत वाचून दाखवला होता. नंदी लेकरानं स्वतःच्या हातानं सजवलेला पाहिजे. मला नियम आवडतात. माणसं डोळ्यांनी, भुवयांनी, अर्धं बोलून जे सांगतात ते मला समजत नाही. नियम पूर्ण वाक्यात असतो. मी अकरा दिवस माझा नंदी सजवत होते. एक लाल मणी, एक पांढरा, एक लाल, एक पांढरा. एक चुकला की सगळी माळ उसवायची. शिंगं निळी रंगवली. रंग खाली ओघळला, तो तसाच राहिला.

माझे बाबा सुतार आहेत. भाऊंच्या नातवाचा नंदी आमच्याच पडवीत झाला. बाबांनी कोरला, घासला, पॉलिश केलं. मखमलीची झूल आईनं शिवली. घुंगरं, बेगड, गोंडे, सगळं बाबांनीच लावलं. नातू एकदा दारात आला आणि विचारून गेला, "झाला का?" तेवढेच त्याचे कष्ट.

तर तोरणाखाली भाऊंनी नातवाचं नाव पुकारलं आणि माइकवर विचारलं, "कोणाची काई हरकत हाय का?"

प्रश्न होता. मी हात वर केला.

भाऊंना गंमत वाटली. त्यांनी माइक माझ्या तोंडाशी धरला. मी म्हणाले, "हा नंदी माह्या बाबानं सजवला. आमच्या घरी. नियम स्वतःच्या हाताचा हाय."

सगळे गप्प झाले. मला ती शांतता फार बरी वाटली. वाटलं, आता दुरुस्ती होणार. फळ्यावर गणित चुकलं की गुरुजी पुसून पुन्हा मांडतात, तसं होणार. भाऊंनी गर्दीत बाबांकडे पाहिलं. बाबा हात जोडून पुढे आले.

"भाऊ, पोरगी यडी हाय. तिले काई समजत नाई."

हे माझे बाबा बोलले. ज्यांनी तो नंदी सजवला होता ते. त्यानंतर बॉक्स सरकवायला कोणाला कसली अडचण? यडीच तर होती.

काय बोलायचं नसतं ते बाकीच्या लेकरांना कोण शिकवतं, मला माहीत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर बाबांनी दोन थापडा मारल्या आणि तेही सांगितलं नाही.

मग चोर सोडून संन्याशाला फाशी. गुरुजींनी बाबांना बोलावलं. "सोमवारी परिपाठात पोरीनं भाऊंची माफी मागायची. नाई तर तिले या शाळेतून काढा. यड्यायच्या शाळेत टाका." खेळायला मला कोणी घेत नव्हतं, डब्याला कोणी शेजारी बसत नव्हतं. पण भिंतीकडचा तिसरा बाक माझा होता. फळा माझा होता. ती शाळा सुटली असती तर माझ्याकडे काहीच उरलं नसतं. आई पाठीवर हात न ठेवता, लांबूनच म्हणाली, "बोलून टाक माय. बोलल्यानं काय जाते?"

काय जातं? खरं जातं. एवढं मोठ्या माणसांना कळत नाही, आणि समजत नाही म्हणे मला!

सोमवारी भाऊ खुर्चीवर बसले होते. बाबा फाटकापाशी उभे होते. गुरुजींनी हातात कागद दिला. त्यावर त्यांच्याच अक्षरात होतं, "मी खोटे बोलले. मला माफ करा." मी मनात वाचलं. मग म्हणाले, "गुरुजी, हे वाक्य चूक हाय. मी खोटं बोलली नाई. मी हे वाचणार नाई."

गुरुजींनी माझं मनगट आवळलं. मी ते सोडवून घेतलं.

"बाबाले विचारा. तिथीच उभा हाय."

सगळ्या शाळेनं मान वळवली. बाबांनी खाली पाहिलं आणि ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. भाऊंचा मला राग येतो. पण त्या अंगठ्याचा जास्त येतो. अजून येतो.

त्यानंतर आई मला चंद्रपूरला घेऊन गेली. ताईत, लिंबू, अंगारा आधीच करून झाले होते. डॉक्टर मॅडमनी खूप प्रश्न विचारले आणि आईच्या आधी मला सांगितलं. हा स्वमग्नतेचा एक प्रकार, जुनं नाव अ‍ॅस्पर्जर. मोठे आवाज, अंगाला हात लावणं, आडून बोलणं, हे मला जड जाणार. शाळेतून काढायचं काही कारण नाही. तसं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मी विचारलं, "याच्यानं माणूस खोटं बोलते का?" त्या म्हणाल्या, "नाही. याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

मला वाटलं, आता झालं. कागद आहे.

गुरुजींनी कागद वाचला आणि आवाज एकदम मऊ केला. कालची यडी आज बिचारी झाली. मला शाळेत ठेवलं. पण त्याआधी बाबांकडून अर्ज लिहून घेतला. "मुलगी आजारी असल्यामुळे खोटे बोलली. तिला माफ करावे." बाबांनी खाली सही केली. भाऊंनी परिपाठात मोठ्या मनानं मला माफ केलं. टाळ्या वाजल्या. मी कान झाकले.

ऐका आता. कान दुखतात ते माझ्या त्या लांबलचक नावामुळे. हात वर केला तो मी. बाबांच्या बोटांना चिकटलेली बेगड मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यात कसला आजार? आणि दहा वर्षांच्या पोरीपाशी बॉक्स सरकवून हसणाऱ्यांना कोणत्या डॉक्टरनं तपासलं? ते सगळे धडधाकट. माफी मागायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

आता मी नववीत आहे. रोज सायकलनं सिंदेवाहीला जाते. दरवर्षी पोळ्याच्या आधी जुन्या शाळेत जाऊन अर्ज देते. बाबांच्या अर्जातली 'खोटे बोलली' ही ओळ खोडा, एवढाच अर्ज. गुरुजी म्हणतात, "जुनी गोष्ट हाय, काऊन उकरून राह्यली?" आणि तान्ह्या पोळ्याला आई मला घराबाहेर पडू देत नाही. चार वर्षं मी घरात बसून डीजे ऐकला.

यंदाचा तान्हा पोळा चार दिवसांवर आहे. बाबा पडवीत बसून नंदीला गोंडे लावत आहेत. भाऊंच्या धाकट्या नातवाचा नंदी. काल मी त्यांना म्हणाले, "बाबा, अर्जावर सही तुमची हाय. शाळेत चला माह्यासंगं."

"जाऊ दे न माय," बाबा म्हणाले. हात थांबले नाहीत.

मी एकटी गेले. अर्ज देऊन आले. आईलाही सांगितलं, यंदा दार लावायचं नाही.

माळ्यावरून माझा नंदी काढला आहे. निळी शिंगं, ओघळलेला रंग, सगळं तसंच आहे. कानात कापूस घालीन, वरून रुमाल बांधीन. चिमुकल्या लेकरांच्या रांगेत सगळ्यांत उंच मी असेन. हसा. मोबाइल काढा. नातवाचं नाव पुकारून झालं की भाऊ माइकवर विचारतील, कोणाची काई हरकत हाय का? दरवर्षी विचारतात.

मी हात वर करीन.