गेणबाचा जॅक आणि साऱ्या गावाचं तेल

आमच्या अंथुर्ण्यात एखादी वस्तू बिघडली की तिच्यापुढं दोन वाटा असतात. एक, बारामतीला जाऊन नीट व्हायचं. दुसरी, गेणबाकडं जाऊन कायमचं मोकळं व्हायचं. मी हे ऐकीव सांगत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सातवी पास माणूस आहे मी, आणि त्यातली तीस वर्षं गेणबाच्या भिंतीला भिंत लावून काढली आहेत. त्यानं दुरुस्त केलेल्या मिक्सरनं त्याच्याच घरच्या आढ्याला फेकलेली शेंगदाण्याची चटणी अजून तिथं आहे. त्यानं नीट केलेला पंखा उलटा फिरायचा. खाली आम्ही घामाघूम, आणि छत मात्र गारेगार. "छताला बी जीव हाय," गेणबा म्हणाला होता.

पण खोटं कशाला बोलू, चाकाच्या वस्तूंत त्याचा हात धरणारा नव्हता. बत्तीस वर्षं बारामतीच्या एका गॅरेजात काढलेली. जंक्शन गावाकडून ट्रॅक्टर येताना नुसत्या आवाजावरून सांगायचा, "क्लच गेलाय, आन् चालवणारा बी गेलेलाच हाय."

आठ वर्षांपूर्वी गॅरेज सोडताना मालक म्हणाला, "गेणबा, आठवण म्हणून काय पाहिजे ते माग." त्याच्या आधी सुटलेल्यांनी कुणी घड्याळ मागितलं, कुणी सफारीचं कापड. ह्यानं काय मागावं? कोपऱ्यातला जुना हायड्रॉलिक जॅक! खाली चार लोखंडी चाकं, मागं लांब दांडा. दांडा खालीवर केला की आतल्या तेलाच्या जोरावर भरली गाडी उचलणारा. मालकाला वाटलं असेल, बरं झालं, अडगळ गेली. पोत्यात गुंडाळून ते धूड एस.टी.त चढवलं. कंडक्टर म्हणाला, "हे काय हाय?" गेणबा म्हणाला, "पाव्हणा हाय. खिडकी मागत न्हाय."

इकडं प्रयागवहिनी दारात ताट घेऊन उभ्या. नवरा फ्रिज आणणार अशी त्यांची खात्री. पोतं उघडल्यावर त्यांनी आधी जॅककडं बघितलं, मग हातातल्या ताटाकडं. मग म्हणाल्या, "ओवाळू का ह्यालाच?"

तर त्या दिवसापासून गेणबाचं अंगण म्हणजे गावाची चावडी झाली. कुणाची उसाची ट्रॉली फडात फसली, कुणाच्या जीपचं चाक बदलायचं, की माणूस गेणबाकडं. न्यायला आला की बसणार, चहा होणार. परत द्यायला आला की पुन्हा बसणार. जॅकला भाडं नाही, नकार नाही. आणि आमच्याकडची रीत अशी की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. ताकाचा तांब्या परत जाताना त्यात चार मिरच्या तरी जातातच. ही रीत जरा ध्यानात ठेवा, मला पुढं लाज वाटणार आहे तिच्यापायी.

यंदा दिवाळीनंतर जॅक गळायला लागला. आधी थेंब, मग डाग, मग थारोळं. गाडी वर चढवावी, तर ती हळूहळू अशी खाली बसायची, जशी सभेत पुढाऱ्याचं भाषण लांबल्यावर माणसं बसतात. गेणबाचा मुलगा युवराज बारामतीला कंपनीत आहे. त्यानं अंगणात नुकतेच लाल-पिवळे ब्लॉक बसवले होते. त्यावर सुप्रियानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, रांगोळी काढली, ती तेलात पोहायला लागली.  तिनं फक्त पुढच्या दिवशी जॅकभोवतीच रांगोळी काढली, जशी जेवणाच्या पानाभोवती काढतात.

रविवारी सकाळी युवराज बोलला. मी तिथंच चहा पीत होतो.

"आबा, मी फोनवरनं नवा जॅक मागवलाय. ह्यो गुरुवारी भंगारवाल्याला द्या."

"गळतंय म्हणून भंगारात? मग माजं बी नाक गळतंय."

"नाकानं ब्लॉक खराब होत न्हाईत."

"गुरुवारपत्तूर थांब. घरीच नीट करतो."

'घरीच नीट करतो' म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी एकदा दारातून आतल्या आढ्याकडं बघितलं.

शेवटी ठरलं असं. गुरुवारी सकाळी युवराजची गाडी ह्या जॅकवर चढवायची. युवराज मोटरसायकलनं कंपनीत जाणार. संध्याकाळी तो येईपर्यंत गाडी बोटभरही खाली आली नाही, तर जॅक राहणार. आली, तर गेला.

युवराज आत गेल्यावर गेणबा जॅकवर हात ठेवून बसला. म्हणाला, "तात्या, लोखंडाचं काय न्हाय वो. पर ह्यो गेल्यावर माज्याकडं येणार कोण?"

"का? माणसं तुझ्यासाठी येतात."

आतून वहिनींचा आवाज आला, "जॅकसाठी येत्यात! ह्यांच्यासाठी तर बत्तीस वर्सं मी एकटीच बारामतीकडं तोंड करून बसले व्हते."

गेणबा हसला नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण चेष्टेचं राहिलेलं नाही.

सोमवारी दुरुस्तीला मुहूर्त लागला. अंगणात पोतं अंथरलं, पाने-पक्कड मांडले, आणि तेल काढायला वहिनींची पुरणाची परात घेतली. विचारून घेतली का, हे विचारू नका. जॅकचा वरचा बोल्ट काढून गेणबानं तो परातीत कलता केला, आणि आतून जे बाहेर आलं ते बघून त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

जॅकचं तेल कसं, एका रंगाचं, स्वच्छ असतं. हे निघालं काळं, पिवळं, मधेच लोण्यासारख्या गुठळ्या, आणि खाली तळाशी वेगळाच पातळ थर. आणि किती! मापापेक्षा जवळपास दीडपट.

गेणबानं बोट बुडवलं, वास घेतला. "हे करडीचं."

गावात घाण्याचं करडीचं तेल झुंबरकडं. झुंबर तेवढ्यात रस्त्यानं म्हैस घेऊन चाललाच होता. गेणबानं हाक मारली.

"झुंबरराव, माज्या जॅकात फोडणी कुणी घातली?"

झुंबर म्हशीसकट थांबला. "मी व्हय. तुमचा जॅक नेला, मग तसाच रिकामा परत द्यायचा का? बरं दिसतंय का ते?"

"कितीदा घातलं?"

"नेला तितक्यांदा. घाण्याचं हाय आबा, भेसळ न्हाय."

गेणबानं गुठळी चिमटीत धरली. खोबरेल! गावात एवढं खोबरेल कोण बाळगतं? बापूसाहेब. डोक्यावर एक केस नाही, पण बाटली कायम खिशात. त्यांना फोन लावून विचारलं, तर ते उलट अभिमानानं म्हणाले, "वासाचं हाय. साधं घातलं न्हाय मी." थंडीत जॅकचा दांडा का जड जायचा, हे गेणबाला आठ वर्षांनी उमगलं. खोबरेल थिजत होतं आत. आम्ही आपले म्हणायचो, जॅकला बी संधिवात झालाय.

काळं होतं ते ट्रॅक्टरवाल्यांचं जळकं इंजिन ऑईल. असा एकेक थर निघत गेला, आणि अंथुर्ण्याच्या माणुसकीचा पंचनामा होत गेला. मी तर पोट धरून हसत होतो. "गेणबा, आता ह्यात भजी तळ," असंही म्हणालो.

मग गेणबानं आतलं सील काढलं. सील म्हणजे पिस्टनभोवतीचं रबराचं कडं, तेल अडवून धरणारं. ते पाण्यात पडलेल्या शिळ्या भाकरीसारखं फुगून मऊ झालं होतं, बोटानं दाबलं की तुकडा निघत होता.

"हे करडीनं न्हाय झालेलं," गेणबा म्हणाला. त्यानं तळाचा तो पातळ थर बोटावर घेतला. "हे ब्रेक ऑईल. हे ह्या रबराला म्हंजी इखच. कुणी घातलं आसंल?"

माझं हसू जिथं होतं तिथंच राहिलं.

गोष्ट अशी, की मागच्या उन्हाळ्यात माझ्या नातीच्या, श्रेयाच्या गाडीसाठी मी जॅक नेला होता. परत देताना घरात बघितलं, तर गोडंतेल होतं, एरंडेल होतं. म्हटलं, गेणबासारख्या माणसाला असलं हलकं देऊ नये. गाडीच्या डिकीत ब्रेक ऑईलची नवी, सीलबंद बाटली होती. म्हटलं, हे खास गाड्यांचंच. अख्खी बाटली ओतली. वर तीन दिवस स्वतःवर खूश होतो.

"मी घातलं," मी म्हणालो.

गेणबानं माझ्याकडं बघितलं. म्हैस घेऊन झुंबरही बघत होता. मला वाटतं, म्हशीनंही बघितलं.

"सगळ्या गावानं मिळून आठ वर्सांत जे केलं न्हाय," गेणबा शांतपणे म्हणाला, "ते तात्यांनी एका बाटलीत केलं. शिकल्याला माणूस."

वहिनी बाहेर आल्या होत्या. परात बघितली, मला बघितलं. "भावजी, तुमी मागं पुरणपोळी खाऊन गेलात ना? ती ह्याच परातीतली. शेवटचीच."

मंगळवारी सकाळच्या एस.टी.नं मी बारामतीला. खिशात ते कुजकं सील, कागदात गुंडाळून. पहिल्या दुकानदारानं ते चिमट्यात धरून विचारलं, "आजोबा, हे काय, ऑपरेशन करून काढलंय का?" दुसरा म्हणाला, हा जॅक आता निघत नाही, नवाच घ्या. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं मात्र स्टूल लावून वरचा डबा काढला, धूळ फुंकली आणि माप जुळवून बरोब्बर सील काढून दिलं. "हे कुणासाठी?" म्हणाला. मी गेणबाचं नाव सांगितलं. "जिवंत हाय व्हय? त्यानं माजी गाडी तीनदा उठवलीय." त्यानं जॅकच्या खऱ्या तेलाचा डबा स्वतः हातात दिला, आणि ह्याशिवाय दुसरं काही घालू नका असं बजावलं. माझ्या तोंडावर काही लिहिलेलं होतं की काय, कोण जाणे.

बुधवारी जोडाजोड. सगळे भाग डिझेलनं धुऊन फडक्यावर मांडले होते. त्यात एक मुगाएवढा लोखंडी छर्रा, तेल एकाच बाजूनं जाऊ देणारा. तेवढाच नेमका निसटला. ब्लॉकच्या फटीत गेला, की बाहेर मातीत, पत्ता नाही. दोन म्हातारे आणि प्रयागवहिनी गुडघ्यावर बसून अंगण चाचपतायत, असं दृश्य. शेवटी सुप्रियानं बिघडलेल्या रेडिओतलं चुंबक दोरीला बांधून फटीफटीतून फिरवलं, आणि छर्रा टचकन वर आला. रेडिओही गेणबानंच बिघडवलेला. त्याच्या हातून काही वाया जात नाही, ते असं.

सील बसलं. तेल मापानं भरलं. मग व्हॉल्व्ह सैल करून गेणबा दांडा हळूहळू खालीवर करत राहिला, आतली हवा निघेपर्यंत. लहान मुलाला दूध पाजून खांद्यावर थोपटतात ना, अगदी तसं.

गुरुवारी आठ वाजता गाडीचं पुढचं टोक वर चढवलं. "खाली कुणी हात घालायचा न्हाय," गेणबानं सगळ्यांना बजावलं. बोटभर म्हणजे किती, ह्यावर युवराज टेप आणायला निघाला. गेणबानं त्याला थांबवलं आणि जोंधळ्याचं एक वाळलं ताट, म्हणजे कडब्यातली काडी, घेतलं. बंपर आणि जमीन ह्यांच्यामधे बरोब्बर मापाला मोडून ते उभं केलं. गाडी जरा जरी बसली, तर ताट वाकणार. युवराजनं वाकून बघितलं, मान हलवली आणि मोटरसायकलवर गेला.

नंतरच्या दहा तासांत गेणबा अंगणातून हलला नाही. जेवणाचं ताट तिथंच आलं. मी त्याला नरसिंहपूरच्या संगमावर माझी चप्पल नीरेत पडून भीमेत सापडली ती गोष्ट सांगितली, कळस गावच्या पाव्हण्यांच्या लग्नातली सांगितली. त्याचं लक्ष ताटाकडं. जेवायच्या नव्हे, जोंधळ्याच्या.

चारच्या सुमाराला भोंगा वाजवत भंगारवाला आला. युवराजनं त्याला आधीच सांगून ठेवलेलं. "मावशी, जॅक कुठाय?"

गेणबा उठायला लागला. पण त्याच्या आधी वहिनी आत गेल्या आणि तो चटणीवाला मिक्सर आणून भंगारवाल्याच्या हातात दिला. "हे घेऊन जा. जॅक कामावर हाय."

संध्याकाळी युवराज आला. मोटरसायकल लावली, गुडघ्यावर बसला, ताटाला बोटानं हलकेच ढोसलं. ताट सरळ. जॅकखालचा ब्लॉक कोरडा. तो उठला, हात झटकले.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "पर पुन्हा गळला तर?"

प्रश्न बरोबर होता. माणसं जॅक नेणार, आणि रिकामा परत द्यायला लाजणार. देऊ नका म्हणावं, तर अंगण ओस पडणार. तेल घालू नका म्हणावं, तर माणूस म्हणणार, म्हंजी आमचं तेल वाईट?

तोड वहिनींनी काढली. दांड्याला त्यांनी एक कडीचा डबा बांधला. "तेल न्हाय घालायचं. काय द्यायचं ते ह्यात द्या." शुक्रवारपासून जॅकबरोबर लिंबं यायला लागली, पेरू यायला लागले. झुंबर करडीचंच तेल देतो, पण बाटलीत. बापूसाहेबांनी वासाचं खोबरेल दिलं. ते सुप्रिया लावते. माणसं पूर्वीसारखीच बसतात, उलट डब्यात काय आहे ते बघायला जरा जास्तच बसतात. युवराजचा नवा जॅक आला. तो खोक्यात आहे. त्याला कुणी चहा विचारत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्याकडं काम निघालं, म्हणून जॅक नेला. परत देताना डब्यात सहा डाळिंबं घातली, निवडून, एकालाही डाग नाही. गेणबा हसत पुढं आला, "या तात्या, या." आणि माझ्यासमोर खाली वाकला.

तेलाच्या बोल्टावरून जॅकच्या अंगावर त्यानं सुनेच्या नेलपॉलिशनं एक लाल रेघ ओढून ठेवली आहे. बोल्ट कुणी उघडला, तर रेघ तुटणार. आधी त्यानं ती रेघ बघितली, चष्मा वर करून, सावकाश, बोट फिरवून. मग डाळिंबं बघितली.

"वहिनी, चहा टाका," मी म्हणालो.