खालाच्या बोकडाचं वय

मला विसराळू माणसं सहन होत नाहीत. माझ्या वर्गात गृहपाठाची वही विसरलेल्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल. म्हणूनच बकरी ईदला आमच्या घरचे हिस्से वाटायचं काम वीस वर्षांपासून माझ्याकडे आहे. कुर्बानीचे तीन भाग करायचे: एक घरचा, एक सोयऱ्या-शेजाऱ्यांचा, एक गरजवंतांचा. गरजवंतांची यादी माझ्या हातची, आणि दुपारच्या नमाजाआधी शेवटचं पाकीट पोचलंच पाहिजे हा माझा हट्ट. "आमच्या घरून कुणी सुटत नाही," असं मी देगलूरच्या आमच्या गल्लीभर सांगत फिरायचे. फुशारकीच ती, दुसरं काय.

यादीत सगळ्यात वर खाला. गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटी राहते, लोकांच्या वाकळा शिवून पोट भरते. नात्यानं ती कुणाचीच खाला, म्हणजे मावशी, लागत नाही, पण सगळे तिला खालाच म्हणतात. माहेर कंधारकडच्या खेड्यातलं, म्हणून तिची बोली आमच्यासारखी दखनी नाही, रांगडी मराठी आहे.

तर गेल्या वर्षी मी नेमकी हिलाच विसरले. यादी तोंडपाठ आहे म्हणून कागद न बघता वाटत सुटले. दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रीज उघडला, तर खालाचं पाकीट तसंच! ओढणी सावरत पळत गेले. बघते तर तिची शेळी दारातच व्यालेली, आणि ओलंचिंब करडू उभं राहायची खटपट करत असलेलं. खालानं पाकीट घेतलं, उशीर झाला म्हणून एक शब्द बोलली नाही. उलट म्हणाली, "बाई, तुमच्या पायगुणानं बोकड झाला बघा. फुडल्या साली ह्याची कुर्बानी माझी."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली. पण नाही. वर्षभर ती रोज दुपारी सुई-दोरा बाजूला ठेवून त्याच्यासाठी पाला आणायला जायची. बोकड विकत मागायला आलेल्यांना तिनं हाकलून लावलं. "जलमभर घेतच आले की," म्हणायची, "मरायच्या आधी एकडाव तरी देऊ द्या."

यंदा ईदच्या आदल्या दिवशी खालाच्या दारात ही गर्दी! उद्यासाठी सांगून ठेवलेला खाटीक बोकड बघायला आला होता. त्यानं तोंड उघडून दात बघितले आणि मान हलवली. अजून दुधाचेच दात. वर्ष पुरं झालेलं नसेल तर बकऱ्याची कुर्बानी होत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. झालं! जो तो वकील झाला. कुणी म्हणे अकरा महिन्यांचा दिसतो, कुणी म्हणे दहाचा. खाला बोकडाच्या गळ्यात हात टाकून उभी, तोंड एवढंसं झालेलं.

तेवढ्यात मशिदीतून मौलानासाब आले. सगळं ऐकून म्हणाले, "दातांचं राहू द्या. जन्मला कधी ते सांगा."

"गेल्या ईदच्या दिशी," खाला ठासून म्हणाली. "बाई माझा हिस्सा घेऊन आल्या ना, तवाच. इचारा त्यांना, डोळ्यांनी बघितलंय त्यांनी."

"मग उद्या वर्ष भरतंय. काय बाई, बरोबर ना?"

सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. 'हो' म्हटलं की सुटले. माझी फुशारकी शाबूत, खालाची कुर्बानी उद्याच. पण बोकड ईदच्या दुसऱ्या दिवशीचा, हे त्या गर्दीत मला एकटीलाच माहीत होतं. एक दिवस कमी पडला तर तिची जन्मातली एकुलती एक कुर्बानी वाया जाणार होती.

आधी मला तिचाच राग आला. माझी लाज झाकायला हिनं खोटं कशाला बोलायचं?

"खाला, ईदच्या दिवशी नाही!" मी ओरडलेच. "दुसऱ्या दिवशी! पहिल्या दिवशी मी तुम्हाला विसरले होते!"

खाला माझ्याकडे बघतच राहिली. "दुसऱ्या दिशी व्हय? ते मला काय ठावं, बाई. गोश्त आलं तवा माझी ईद. त्याच दिशी तर मी नवं लुगडं नेसले हुते."

खरंच की! पाकीट आत ठेवून खाला करडाजवळ परत आली, ती कोरं लुगडं नेसूनच. मी बघितलं होतं, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आदला अख्खा दिवस ती जुन्या लुगड्यात वाट बघत बसली असणार. मला भर गल्लीत रडू फुटलं.

मौलानासाब मात्र हसायला लागले. "अहो, रडताय कशाला? कुर्बानीचे दिवस तीन असतात. उद्या ईद, परवा वर्ष भरतं, तेरवा सकाळी बिनघोर करा!"

"लो! वीस वर्षांनी बाई नापास झाल्या," आमचे हे मागून म्हणाले, आणि सगळी गल्ली खो खो हसली. मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी खालानं बोकडाला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, डोळे पुसले आणि खाटकाला म्हणाली, "घे अल्लाचं नाव." मग मला वही काढायला लावली. ती सांगत होती, मी लिहीत होते. बसस्टँडमागच्या चार चुली. तेलंगणातून कामाला आलेले मजूर. हॉटेलात भांडी घासणारी म्हातारी. यातलं एकही माणूस माझ्या यादीत कधी नव्हतं.

"पयल्या दिशी समदेच देतात, बाई," खाला म्हणाली. "फ्रीज न्हाई त्याच्या चुलीवर तिसऱ्या दिशी काय असतंय, ते मला इचारा."

पाकिटं पोचवायला पिशव्या हव्यात म्हणून मी घरी आले, तोच दार वाजलं. खाला उभी. नवं लुगडं नेसलेली, हातात पाकीट.

आमचा फ्रीज भरलाय, दुसऱ्या कुणाला द्या, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा चेहरा बघितला आणि गिळलं.

"पयलं तुमचंच आणलं," ती म्हणाली. "मागनं इसरले तर?" आणि तोंडाला पदर लावून अशी हसली की मलाही हसू आवरेना.

मी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं. अजून गरम होतं. वीस वर्षं दारोदार वाटत फिरले, पण घेणारीनं काय म्हणायचं असतं ते काही सुचेना. शेवटी नुसतंच म्हटलं, "ईद मुबारक, खाला."

"व्हय," खाला म्हणाली. "आता झाली बघा तुमची बी ईद."