खुर्चीची कड

सर्जनच्या दवाखान्यात खुर्च्या रिकाम्या असूनही आई उभीच होती. शौचाच्या जागेतून आतडं बाहेर येतं, हे तिने वर्षानुवर्षं लपवलं होतं. माझ्या शिक्षणासाठी तिने डोक्यावरून वाहिलेली ओझी मला आठवत राहिली.

डॉक्टर म्हणाले, "पोटातून शस्त्रक्रिया केली तर आतडं वर ओढून पक्कं बसवता येतं, पण पूर्ण भूल यांच्या हृदयाला झेपेल का, शंका आहे. खालून केली तर धोका कमी, पण त्रास पुन्हा होऊ शकतो."

आईने माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्याला उत्तर ठाऊक असतं, असं आमच्या घरात धरूनच चालतात. मी हातातली तिची फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली.

"खालूनच करा," शेवटी तीच म्हणाली. "पुन्हा झालं तर पुन्हा येईन. आता सांगायची लाज गेली."

मग ती माझ्या शेजारच्या खुर्चीच्या कडेला हळूच टेकली.